न पुसलेली खूण

मी कॉलेजात मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध हजेरी आणि अंतर्गत गुण भरण्यापुरता. पण परवा बेंगळुरूहून सुट्टीला आलेल्या भाच्याने एक हकीकत सांगितली, ती डोक्यातून जाईना.

जर्मनीतल्या एका वेब-होस्टिंग कंपनीत मॅक्स केलरमान हे प्रोग्रॅमर काम करीत होते. २०२१ साली एका ग्राहकाची तक्रार आली, उतरवून घेतलेली लॉगची फाइल उघडत नाही. त्यांनी ती हाताने दुरुस्त केली आणि विसरून गेले. काही महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी बिघडलेल्या सगळ्या फाइली समोर मांडल्या. सर्वांत जास्त महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या! आणि शेपटाला तेच आठ बाइट चुकीचे. महिन्याभराच्या फाइलींचा झिप गठ्ठा करताना शेवटी जी अनुक्रमणिका जोडतात, तिची ती सुरुवात होती. ती आदल्या फाइलीत शिरली कशी? केलरमान यांनी आधी स्वतःच्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला, लिनक्सच्या कर्नलवर सर्वांत शेवटी.

भाच्याने माझ्याच ऑफिसचे उदाहरण घेतले. "मामा, कपाटातलं पान क्लार्क एकदा काढून टेबलावर ठेवतो, मग सगळे तेच बघतात. हौदल्ला?" लिनक्स हेच करते. डिस्कवरची पाने मेमरीत ठेवते, त्याला पेज कॅशे म्हणतात. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणारी 'पाइप' असते. वेळ वाचवायचा तर नक्कल न करता टेबलावरचे तेच पान तिच्यातून पुढे सरकवता येते. पाइपच्या काही कप्प्यांवर 'यातच पुढे लिहायला हरकत नाही' अशी खूण असते. कप्पा नव्या पानाला देताना जुनी खूण पुसायची, तेवढे राहून गेले होते. मग पुढचा मजकूर थेट टेबलावरच्या पानावर.

इथवर मला गंमत वाटत होती. पण ज्याला फक्त वाचायची परवानगी, तोही यातून लिहू शकत होता, अगदी पासवर्डच्या फाइलीतसुद्धा. आणि डिस्कवरचे पान बहुधा जसेच्या तसे. यंत्र पुन्हा सुरू केले की मागमूस नाही.

२०२० च्या ५.८ आवृत्तीपासून हे दार उघडे होते. २० फेब्रुवारी २०२२ रोजी केलरमान यांनी दुरुस्तीसह कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवले, तीन दिवसांत सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि ७ मार्चला जगाला सांगितले. दुरुस्ती किती? दोन ओळी. खूण शून्य करा, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आली होती. "सर, मला सांगितलेले गुण वेगळे होते." मी रजिस्टर उघडलेही नाही. "एकदा लॉक केले की गुण बदलत नाहीत," म्हणून तिला परत पाठवले. तिचे गुण अशा चुकीने बदलले, असे मी म्हणत नाही. माझाच हात चुकला असेल. हाताने लिहिलेले ते रजिस्टर अजून कपाटात आहे. सोमवारी काढतो.