सिक्वेलला तीच हिरॉइन कशाला?

मंडळी, मी पडले कॉन्व्हेंटवाली, तरी ‘टाईमपास’ (२०१४) मला तोंडपाठ आहे. म्हणूनच ‘टाईमपास २’शी (२०१५) माझं भांडण आहे. रवी जाधवांनी कलाकार बदलले, प्रथमेश-केतकीच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. पण मोठा झालेला दगडू निघाला कोणाला शोधायला? प्राजूलाच! जणू मधल्या वर्षांत त्याला दुसरं कोणी दिसलंच नाही.

आता फ्रेंच ‘ला बूम २’ (१९८२) बघा. १९८०च्या पहिल्या भागातली विक, म्हणजे सोफी मार्सो, तीच. प्रेम मात्र नवं, फिलिपवर! आणि पिक्चर त्याबद्दल तिला अजिबात अपराधी ठरवत नाही. (सबटायटल्स वाचायचा कंटाळा करू नका.)

आमच्या देहूरोडला हे पटायला हवं. इथे डेपो, लष्कर. वडिलांची बदली झाली की पोरगं शाळेतून गायब. दहावीत माझ्या मैत्रिणीचा ‘तो’ असाच थेट अंबाल्याला गेला. पुढे दोन वर्षं ती लोणावळा लोकलमध्ये खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. हल्ली तिला दुसरा एक आवडतो, तर ग्रुपमधले टोमणे मारतात, “मग तेव्हाचा काय टाईमपास होता?”

अरे, तेव्हाचंही खरं होतं आणि आताचंही खरंच आहे! पण ती अजून त्याला उत्तर देत नाहीये. आणि त्याच्याही वडिलांची बदली जूनमध्ये आहे.