सोडवणे आणि सोडणे

सरकारी बँकांतील लिपिक व अधिकारी यांच्या भरतीसाठी जी सामाईक पूर्वपरीक्षा होते, तीत तर्कक्षमतेच्या विभागास 35 प्रश्न असतात आणि वेळ 20 मिनिटांचा असतो. हिशेब केला तर एका प्रश्नाच्या वाट्यास सुमारे 34 सेकंद येतात. प्रश्न वाचणे, तो समजणे, कच्चे काम कागदावर मांडणे, पाच पर्यायांतून एक निवडणे आणि पडद्यावर त्याची खूण करणे, हे सारे त्या 34 सेकंदांत बसवावयाचे. पदवी परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला, वर्षभर मन लावून तयारी केलेला उमेदवारही या वीस मिनिटांत गारद होतो आणि बाहेर येऊन सांगतो की, प्रश्न तर सगळे येत होते, वेळ तेवढा पुरला नाही. त्याच्या बोलण्यात खोटे काही नसते. परीक्षेने आपल्याला नेमके काय विचारले होते, एवढेच त्याला अखेरपर्यंत उमगलेले नसते.

हे 35 प्रश्न एका जातीचे नसतात. असमानतेची चिन्हे, विधाने व निष्कर्ष, दिशा, नातेसंबंध, सांकेतिक भाषा, अक्षर-अंकांची मालिका असे सुटे प्रश्न त्यांत असतात. आणि त्यांच्या जोडीला आसनव्यवस्थेची कोडी असतात. आठ माणसे वर्तुळाकार मेजाभोवती बसली आहेत, काहींची तोंडे आत आहेत, काहींची बाहेर. एवढ्यावरून कोण कोठे बसला ते शोधावयाचे आणि मग त्यावरील चार-पाच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. पृष्ठभागावर सारेच प्रश्न तर्काचे दिसतात. पण वेळ हीच जेथे एकमेव पुंजी आहे तेथे ही पुंजी कोणत्या जातीवर किती खर्चावी, हा वस्तुतः अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

कारखानदाराला स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील भेद सांगावा लागत नाही. यंत्र बसविण्याचा खर्च एकदाच, कच्च्या मालाचा मात्र प्रत्येक नगामागे. आसनव्यवस्थेचे कोडे हे असेच यंत्र होय. मांडणी जुळेपर्यंत चार मिनिटे जातात आणि पदरात एकही गुण पडत नाही. ती एकदा जुळली की पुढील प्रत्येक उत्तरास दहा-बारा सेकंद पुरतात. सुट्या प्रश्नात असा आरंभीचा खर्च जवळजवळ नसतोच. म्हणूनच कोड्यात अर्ध्यावर अडकणे हे सुट्या प्रश्नात अडकण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

समजा, 15 प्रश्न सुटे आहेत आणि उरलेले 20 प्रश्न चार कोड्यांत विभागलेले आहेत. सुट्या प्रश्नास सरासरी 25 सेकंद आणि जुळणाऱ्या कोड्यास एकूण पाच मिनिटे लागतात. सुटे प्रश्न आधी उरकणारा उमेदवार सव्वासहा मिनिटांत 15 उत्तरे देईल, पुढील दहा मिनिटांत दोन सोपी कोडी सोडवील आणि 25 उत्तरांनिशी उठेल. पडताळणीसाठी वर पावणेचार मिनिटे राहतील. दुसरा उमेदवार तितक्याच बुद्धीचा, परंतु क्रमाने जाणारा. पहिलेच कोडे अवघड निघाले. त्यात आठ मिनिटे घालवूनही ते जुळले नाही. पुढील दोन कोडी त्याने सोडविली आणि अखेरच्या दोन मिनिटांत चार सुटे प्रश्न हाती लागले. उत्तरे झाली 14. दोघांच्या बुद्धीत तिळमात्र फरक नाही आणि निकालपत्रात मात्र दोघांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे.

यावरून ‘कोडी नेहमी शेवटी’ असा सरधोपट नियम काढण्याची घाई अनेक मार्गदर्शक पुस्तके करतात. तो नियम अर्धवट आहे. सगळी कोडी सारखी महाग नसतात, आणि महाग कोणते हे आत शिरण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात ओळखता येते. खरे कौशल्य ते आहे. अमका सातमजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो, तमका रांगेच्या डाव्या टोकाला बसला आहे, अशी पक्की विधाने दोन-तीन असतील तर कोड्याला खुंटी मिळाली असे समजावे. उलट, ‘क हा ख च्या उजवीकडे तिसरा’ असे विधान असून ख चे तोंड आत की बाहेर हे ठाऊक नसेल, तर एका विधानाच्या दोन मांडण्या होतात. अशा दोन विधानांच्या चार. ‘शेजारी बसलेला नाही’ ही नकारात्मक विधाने दिसायला पुष्कळ, पण आरंभी त्यांचा उपयोग थोडा. मांडणी दोन शक्यतांवर आल्यानंतरच ती कामास येतात. ज्या कोड्यात निम्मी विधाने नकारात्मक आहेत ते पहिल्या फेरीत निःसंकोच सोडून द्यावे. एका जातीचे सुटे प्रश्न मात्र सलग सोडवावेत, कारण असमानतेवरून नातेसंबंधावर आणि पुन्हा असमानतेवर अशा उड्यांनी मन दर वेळी नव्याने रुळावर आणावे लागते.

आत शिरल्यानंतरचा मोह आणखी वाईट. तीन मिनिटे दिली आहेत, आता सोडले तर ती वाया जातील, असा विचार माणूस करतो. ती केव्हाच गेलेली असतात. बुडीत खर्च पुढील निर्णयात धरावयाचा नसतो, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरांत लिहितो आणि परीक्षेच्या पडद्यासमोर नेमके विसरतो.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो, याचाही धसका अकारण घेतला जातो. पाच पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर वीस प्रश्नांत सरासरी चार बरोबर येतील. चार गुण मिळतील आणि सोळा चुकांचे चार जातील. लाभ शून्य, तोटाही शून्य. परंतु दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर अशा बारा प्रश्नांत चार बरोबर आणि आठ चूक धरूनही दोन गुण शिल्लक राहतात. अंदाज वाईट नव्हे. निराधार अंदाज निष्फळ, एवढेच.

आता हे सारे इतके साधे असेल तर पदवीधरांना ते का जमत नाही? याचे उत्तर वर्गात आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत मुलाला एकच शिकवण मिळते: सगळे प्रश्न सोडवा, जागा कोरी ठेवू नका, येत नसेल तरी काहीतरी लिहा. शालान्त परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि चुकल्याचा दंड नसतो, म्हणून ती शिकवण तेथे योग्यही ठरते. प्रश्न सोडवणे ही विद्या आणि प्रश्न सोडणे हा पराभव, अशी समजूत पंधरा वर्षे मुरलेल्या विद्यार्थ्याकडून वीस मिनिटांत तिच्या उलट वागण्याची अपेक्षा बाळगली जाते. पुण्याच्या सदाशिव पेठेत हजारो रुपये शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला सराव चाचण्यांवर चाचण्या देऊन ही सवय मोडून मिळते. तालुक्याच्या गावी राहून तयारी करणाऱ्याला ती परीक्षागृहातच, आणि तीही एका वर्षाच्या मोलाने, मोडावी लागते. लिपिकपदाची परीक्षा 13 प्रादेशिक भाषांतून घेण्याची शिफारस 2021 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने केली आणि त्यांत मराठीही आली, हे उत्तमच झाले. त्यामुळे प्रश्न समजण्यातील अडसर कमी झाला. कोणता सोडावा हे कळण्याचा अडसर भाषेने दूर होणारा नाही.

घड्याळाशी शर्यत म्हणजे तर्कशक्ती नव्हे, सावकाश आणि खोल विचार करणाऱ्यावर अशी परीक्षा अन्याय करते, हा आक्षेप खोटा नाही. मानसशास्त्रातही वेगाची चाचणी आणि सामर्थ्याची चाचणी या वेगळ्याच मानतात, आणि बँकांच्या परीक्षेत या दोहोंची सरमिसळ झाली आहे. पण लाखो अर्जदारांतून निवड करणारी यंत्रणा हा आराखडा उद्या बदलेल, अशी चिन्हे नाहीत. शिवाय गर्दीच्या वेळी खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला कोणते काम आता, कोणते नंतर, हे क्षणात ठरवावेच लागते. त्या दृष्टीने परीक्षा अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही.

महाविद्यालयांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, 35 मिश्र प्रश्न आणि भिंतीवरचे घड्याळ एवढे पुरे. मात्र नंतरची चर्चा उत्तरांची नसावी. प्रत्येकाने कोणत्या क्रमाने प्रश्न घेतले, कोणते कोडे कितव्या मिनिटाला सोडून दिले, आणि जे सोडले नाही ते का सोडले नाही, हे फळ्यावर मांडावे. संगणक हवेतच असे नाही. पण बहुतेक महाविद्यालयांत ते आहेत आणि दुपारनंतर त्या खोलीला कुलूप असते. ते कुलूप शनिवारी तासभर उघडावयास प्राचार्यांची एक सही लागते.