शिवलेणी : अंबाजोगाईतला एक दिवस

अंबाजोगाईची शिवलेणी जयंती नदीच्या काठी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. गावात त्यांना हत्तीखाना म्हणतात. जोगाई मंडप, जोगाईचे माहेर ही नावेही रूढ आहेत. अभ्यासक ती माळव्याच्या परमार राजवटीतील, 11व्या शतकातील मानतात. योगेश्वरीच्या दर्शनाला येणारे अनेक भाविक मात्र ती न पाहताच परततात. म्हणून दिवसाचा बेत आखताना पहिला मान शिवलेण्यांना द्यावा.

सहलीसाठी दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी गृहीत धरावी. बीड आणि लातूरहून एस.टी.ने येता येते; रेल्वेने येणाऱ्यांना परळी वैजनाथ स्थानक सोयीचे. सकाळी लवकर निघावे.

लेण्यांच्या अंगणात खडकातच घडवलेला नंदीमंडप आणि हत्ती आहेत. हत्तीखाना हे नाव त्यांवरूनच पडले. आतील प्रशस्त मंडप 32 खांबांवर उभा आहे. इथे दगडावर दगड रचलेला नाही. नको तेवढा खडक काढून टाकत कारागिरांनी खांब, छत आणि मूर्ती मागे ठेवल्या. एक चुकीचा घाव पुन्हा भरून काढता आला नसता. हे कौशल्य नीट पाहायला निदान तासभर हवा. आत अंधार असतो, म्हणून विजेरी बाळगावी.

त्यानंतर योगेश्वरीचे दर्शन घ्यावे. ती अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता आहे. परळीच्या वैद्यनाथाशी तिचे लग्न ठरले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले, अशी लोककथा आहे. दुपारी घरची भाकरी-चटणी सोडावी आणि आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे वळावे. ही समाधी गावाबाहेर बालाघाटच्या डोंगरात आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 म्हणजे इ.स. 1188चा मानला जातो. परतताना दासोपंतांची समाधी पाहावी. त्यांनी कापडावर ‘पासोडी’ लिहिली. वेळ उरल्यास सुमारे 25 किलोमीटरवरील परळीला वैद्यनाथाचे दर्शन होते.

शिवलेण्यांत मूर्तींना तेल-शेंदूर लावू नये, खांबांवर नावे कोरू नयेत, उष्टे-खरकटे टाकू नये. शेकडो वर्षे टिकलेले हे वैभव पुढच्या पिढीच्या हाती धडपणे सोपवणे प्रत्येक भाविकाचे कर्तव्य आहे.