क्रोमची चाके आणि ओले धान्य

पुतण्याने गाडी विकायला काढली आणि विकण्याआधी तिला नवी चाके बसवायची ठरवली, तेव्हा आमच्या भाभींनी कपाळाला हात लावला. "भाई, तुम्ही तरी सांगा याला. बकरा बाजारात न्यायचा तर त्याला चांदीचे खूर कोण बसवतं?"

त्याच्या निकाहसाठी आम्ही महिनाभर बर्मिंगहॅमला भावाच्या घरी उतरलो होतो. गाडी म्हणजे १९९५ सालची मझदा एमएक्स-५. छत उघडणारी, बुटकी, दोनच माणसांची. ही गाडी १९८९ मध्ये निघाली आणि २०१६ पर्यंत तिचा आकडा दहा लाखांवर गेला. छत उघडणाऱ्या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये तिच्याइतकी दुसरी कुठली खपली नाही. लग्नानंतर दोन माणसांची गाडी काय कामाची, म्हणून ती विकायची. रविवारी गिऱ्हाईक यायचे होते. त्याआधी पुतण्याने २२० पौंडांना क्रोमची जुनी चाके टायरसकट उचलून आणली. "चाचा, माणूस लांबून आधी चाकं बघतो," हा त्याचा हिशोब. आमची पंधरा वर्षे कुवेतच्या गॅरेजात गेली, त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे आहे असे आम्हाला म्हणता येईना.

चाके खरेच देखणी होती. दाढी करता यावी असा आरसा. आमच्या घरांत क्रोम म्हणजे भरीव काहीतरी अशी समजूत असते, पण तो नुसता वर्ख आहे, मिठाईवरच्या चांदीसारखा. अॅल्युमिनियमच्या चाकावर आधी तांब्याचा थर देतात, त्यावर निकेलचा, आणि शेवटी क्रोमचा. तो क्रोमचा थर केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नसतो. चकाकी बरीचशी निकेलची; क्रोम तिला काळवंडू देत नाही, इतकेच. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणी छिद्रांतून आत जाते, खालचे अॅल्युमिनियम फुगते आणि पापुद्रे सुटतात. टायर जिथे रिमला टेकतो तिथला पापुद्रा निघाला की हवा हळूहळू जाते, आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. म्हणून आम्ही चाकाची बाहेरची बाजू सोडून आधी मागची आणि काठ तपासले. एका चाकाला आत दोन फोड होते. बाकी ठीक.

मग मापे. पुतण्या म्हणाला, "विकणारा म्हणाला, चार नटचं आहे, बसेल." बसेल हा शब्द गॅरेजात फार महाग पडतो. या गाडीचे चार स्टड १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, ते जुळत होते. पण मधले भोक? गाडीच्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, आणि बाजारी चाकाचे भोक ७३.१, कारण एकच चाक दहा गाड्यांना चालावे म्हणून ते मोठे ठेवतात. मधल्या पोकळीत कडी बसवावी लागते. ती नसली तरी नट आवळले जातात, चाक फिरते, आणि शंभराच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. कड्या चाकांबरोबर आल्याच नव्हत्या. त्या मागवल्या, दोन दिवस गेले.

टायरचे माप मात्र नशिबाने बरोबर निघाले. मूळ चाक १४ इंची, टायर १८५/६०. नवे १५ इंची, टायर १९५/५०. रिम वाढली तेवढा रबर कमी झाला. पूर्ण उंची आधी ५७८ मिलिमीटर, आता ५७६. पुतण्याच्या मनात १७ इंची होती, ती घेतली असती तर मीटर दाखवते त्यापेक्षा गाडी जोरात पळाली असती आणि वळणावर टायर पत्र्याला घासला असता, ते वेगळेच.

शनिवारी अस्रनंतर कामाला लागलो. जुन्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल केले, बिस्मिल्लाह म्हणून दाराखालच्या कडेला मागच्या बाजूने जॅक लावला आणि दांडा फिरवला. गाडी वर जाईना. कुर्रर्र असा आवाज आला, पापड मोडावा तसा. आम्ही खाली वाकून पाहिले. जॅक पत्र्यात शिरला होता.

दाराखालची ही लांब पोकळ पेटी, तिला सिल म्हणतात, उघड्या गाडीत फार महत्त्वाची असते, कारण वर छताचा आधार नाही. गाडीला वाकू न देण्याचे काम खालूनच व्हायचे. पण या मॉडेलची सिलच कुजते. कापडी छतावरचे पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या पानगळीच्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरते आणि तिथेच राहते. वर्षातून एकदा नळ्यांतून जाड दोरी फिरवली असती तर हे झाले नसते. पुतण्याला हे कुणी सांगितले नव्हते. उलट त्याला गाडी विकणाऱ्याने सिलवर काळे, डांबरासारखे रोगण जाड फासून दिले होते. बोटाने खरवडले तर रोगणाबरोबर लोखंडही हातात आले. दुसऱ्या बाजूला नखाने टिचक्या मारून पाहिल्या. तीही बद्द वाजली. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या टेकूपासून ३० सेंटिमीटरच्या आत असा गंज असला तर गाडी नापास होते. हे भोक त्या हद्दीतच होते. वेल्डिंगवाल्याला फोनवर विचारले. दोन्ही बाजू मिळून हजार पौंडांच्या वर सांगितले.

पुतण्या बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "चाचा, ते काळं रोगण गॅरेजात पडलंय अर्धा डबा." आम्ही काही बोललो नाही. तो पुढे म्हणाला, "इथल्या कायद्यात खासगी विकणाऱ्याने न विचारलेलं सांगितलंच पाहिजे असं नाही. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढंच. आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं." हे त्याने बहुधा आधीच वाचून ठेवले असावे. खरे सांगायचे तर, निकाहचा खर्च समोर दिसत असताना आमच्याही मनात क्षणभर तो डबा आला. गॅरेजात उमर गेलेल्या माणसाला असे डबे अनोळखी नसतात.

भाभी चहा घेऊन आल्या होत्या आणि उभ्या उभ्या ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "पाणी कसलं शिरलं म्हणालात?"

"पावसाचं," आम्ही म्हणालो.

त्या एवढेच म्हणाल्या, "त्या धान्याच्या ढिगातही पावसाचंच होतं," आणि आत गेल्या.

ही हदीस आपल्या वाचकांना माहीत आहे. बाजारातल्या धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवलेस, असे त्याला विचारले गेले. पाऊस पडला यात त्या माणसाचा दोष नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवले. विचारणा झाली ती ढीग रचल्याबद्दल.

पुतण्या उठला. रोगणाचा डबा तसाच राहिला. "चाकं तरी लावू का?" त्याने विचारले. "लाव की," आम्ही म्हणालो. "चाकांत काही वाईट नाही." आता सिलला हात न लावता, पुढून मधल्या आडव्या लोखंडाखाली आणि मागून डिफरन्शियलखाली ट्रॉली जॅक घेतला, दोन्हीकडे स्टँड लावले. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, कारण त्या गंजावर चाक सपाट बसत नाही. कडी बसवली. नटची तोंडे निमुळती आहेत ना, चाकाची बैठकही तशीच आहे ना, हे पाहिले. गोल तोंडाचा नट निमुळत्या बैठकीत आवळला तर तो जेमतेम एका रेघेवर टेकतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. आट्यांना तेल नाही. समोरासमोरचे नट हाताने, मग गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने १०० न्यूटन मीटरवर. पान्याने टक्‌ केले की थांबायचे. वर पाय देऊन उभे राहण्याची सवय आम्ही त्याची तिथेच मोडली. रविवारी सकाळी गल्लीतून हळूच एक चक्कर मारून सोळाही नट पुन्हा तपासले. दोन नट किंचित फिरले. क्रोमच्या चाकांत असे होते, बैठकीतला वर्ख दबतो. म्हणून ऐंशी-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा असतो.

गिऱ्हाईक अकराला आले. पन्नाशीचा इंग्रज माणूस, हाताला ग्रीसचे जुने डाग. पुतण्या त्याला चाकांकडे न नेता थेट दाराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला, खाली सतरंजी टाकली, टॉर्च दिला आणि म्हणाला, आधी इथे बघा. तो माणूस आडवा पडून पाच मिनिटे पाहत राहिला. भाभी वरच्या खिडकीत होत्या.

उठल्यावर त्याने सातशे पौंड कमी केले. पुतण्याने तीनशेपर्यंत ओढून पाहिले, शेवटी साडेपाचशेवर सौदा झाला. वेल्डिंग तो स्वतः करणार होता, आणि तोवर गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हणून दुपारी ट्रेलर घेऊन येतो म्हणाला. जाता जाता त्याने चाकांकडे पाहिले आणि विचारले, मूळची चाके आहेत का? ती हलकी असतात, या गाडीला तीच शोभतात. असतील तर तीच लावून द्या, ही तुम्हीच ठेवा.

जुहरनंतर आम्ही दोघे पुन्हा जॅक घेऊन बसलो. आता पान्याचा टक्‌ पुतण्याला आपोआप ऐकू येत होता.

क्रोमची चाके अजून भावाच्या परसात आहेत. दोन विकली गेली नाहीत, दोनांवर भाभींनी पुदिन्याच्या कुंड्या ठेवल्या आहेत.