मिठाची पोती

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना देवगिरीचा तासलेला कडा दिसतो आणि 'अभेद्य' हे विशेषण आपोआप ओठांवर येते. एकामागून एक कोट, कातळात खोदलेला खंदक, वर जाण्यास अंधारीतून एकच वाट. यांतील बरेचसे बांधकाम यादवांनंतरचे असले तरी त्यामागची कल्पना एकच : परक्याला आत शिरू द्यायचे नाही. मात्र १२९६ मधील अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्याची फिरिश्त्याने नोंदवलेली कथा निराळेच सांगते. घाईघाईने गडावर नेलेली पोती धान्याची समजून रचली गेली. उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले आणि रामदेवरायास तह करावा लागला. कथेच्या खरेपणाची चर्चा इतिहासकारांनी करावी. आम्हांला तिची आठवण होते ती आज्ञावलींच्या सुरक्षिततेविषयी वाचताना.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आज्ञावलीत माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एकाच घटकात, म्हणजे 'ऑब्जेक्ट'मध्ये, बांधलेल्या असतात. १९६० च्या दशकात ऑस्लो येथे डाल आणि नायगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला या भाषेपासून ही रीत सुरू झाली. आतले झाकून ठेवावे आणि व्यवहार ठरलेल्या दारांतूनच करावा, ही शिस्त पुढे तिच्यात रुजली. ती मोलाची आहे; पण तिलाच सुरक्षितता मानणे हा भ्रम होय. जावा भाषेत 'प्रायव्हेट' म्हटलेले पुष्कळदा रिफ्लेक्शनच्या वाटेने गाठता येते. ते कुलूप नसून सहकाऱ्यांना केलेली सूचना आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा प्रत्यय जगाला आला. 'लॉग-फोर-जे' हा जावातील घटक इतर आज्ञावलींसाठी केवळ नोंदी लिहून ठेवी. परंतु नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट खुणांची ओळ आली, की तो तिला आज्ञा समजे, दूरच्या संगणकावरून ऑब्जेक्ट मागवी आणि परक्याची आज्ञावली आपल्या घरात चालू होई. भिंत कोणी फोडली नव्हती. पोते दारातून रीतसर आत आले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटावी. पात्राच्या तोंडचे वाक्य म्हणजे लेखकाचे मत नव्हे, उद्धृत करणे म्हणजे स्वतः म्हणणे नव्हे, हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. त्या घटकाला दुसऱ्याचे शब्द केवळ टिपायचे होते. त्याने ते पाळले.

उपायही जुनेच आहेत. साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले होते, की प्रत्येक घटकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, स्पष्ट परवानगी नसेल तिथे नकार हाच नियम असावा आणि रक्षण आराखड्याच्या गुप्ततेवर विसंबून नसावे. नोंदी लिहिणाऱ्या कारकुनास बाहेरून माणसे बोलावून कामाला लावण्याचा अधिकार मुळात कशाला हवा होता? पुढील आवृत्त्यांत नोंदीच्या मजकुरातून आज्ञा वाचण्याची ती सोय काढूनच टाकावी लागली.

पावलोपावली संशय घेतल्यास काम कसे चालेल, हा आक्षेप रास्त आहे. पण भक्कम रचनेत संशयाची जागा ठरलेली असते. वेशीवर पोते उघडून पाहिले, तर आत एकमेकांवर विश्वास ठेवणे परवडते. शिवाय एखादे पोते नजरेतून सुटलेच, तरी अधिकार मर्यादित असल्याने सारा गड जात नाही.

आज शेतकऱ्याचा सातबारा, विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि रुग्णाची नोंद अशाच आज्ञावलींच्या स्वाधीन आहे. त्या लिहिणारी मुले आपल्याच महाविद्यालयांतून, आपल्या वर्गाशेजारच्या वर्गांतून, बाहेर पडतात. मजकूर कोणाचा आहे आणि तो कोणत्या नात्याने आपल्यापुढे आला आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याकडे आहे. ती भिंतीपलीकडच्या वर्गापर्यंत पोचवणे हे साहित्याच्या अध्यापकांचेही काम आहे, असे आम्ही मानतो.