दवाखान्याला रॅम्प आहे, वेबसाइटला?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत १८ ते ४४ वयोगटासाठी लसीची वेळ मिळवण्याचा सुरुवातीला एकच मार्ग होता : 'कोविन' संकेतस्थळ. त्या मार्गातले अडथळे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात एकेक करून नोंदवले. कॅप्चा ऐकण्याची सोय नव्हती. माउसशिवाय, केवळ कीबोर्डवर काम होत नव्हते. वेळ निवडण्याआधीच लॉगआउट होण्याची भीती होती. दृष्टिहीनांना लस कोणी नाकारली नव्हती. पण तिच्यापर्यंत स्वतःहून पोहोचणे मात्र अवघड करून ठेवले होते.

आज ओपीडीची नोंदणी, तपासणीचे अहवाल, विम्याचा दावा, सारे काही ऑनलाइन होते आहे. म्हणजे वेबसाइट ही रुग्णालयाची जाहिरात राहिलेली नाही, ती रुग्णालयाचे दार झाली आहे. इमारतीला रॅम्प नसेल तर आपण जाब विचारतो. वेबसाइटबाबत का विचारत नाही? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. नियमांची वानवा नाही. वानवा आहे ती आग्रहाची.

यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागते असेही नाही. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर बोलून दाखवते. पण बटण खऱ्या बटणाच्या कोडने न बनवता नुसते रंगीत चौकोन काढले, तर त्याला ते बटण आहे हेच कळत नाही. डॉक्टरांचे वेळापत्रक फोटो काढून चिकटवले आणि सोबत वर्णन दिले नाही, तर वाचायला काही उरतच नाही. मराठीची आणखी एक अडचण आहे. मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरे पडतात. पानाची भाषा मराठी आहे एवढे कोडमध्ये नोंदवणे हे तर एका ओळीचे काम आहे.

वेगाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. मुखपृष्ठावर सरकणारी मोठमोठी छायाचित्रे आणि अनावश्यक जावास्क्रिप्ट यांमुळे स्वस्त मोबाइल आणि क्षीण नेटवर्क असलेल्या गावात तेच पान कितीतरी वेळ कोरे राहते. छायाचित्रे वेबपीसारख्या हलक्या स्वरूपात द्यावीत, खालची छायाचित्रे वाचक तिथे पोहोचल्यावरच उतरावीत, मजकूर आधी यावा. हे सारे उपाय आज कोणत्याही वेब डेव्हलपरला ठाऊक असतात.

'असे किती दृष्टिहीन लोक आमच्या साइटवर येतात?' हा नेहमीचा प्रश्न. मोतीबिंदू झालेले आजोबा, हात थरथरणाऱ्या आजी, मनगट प्लास्टरमध्ये असलेला तरुण, भर उन्हात मोबाइल पाहणारी आशा सेविका या सगळ्यांनाच ठळक अक्षरे आणि मोठी बटणे हवी असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक असावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन इथेच नापास होते. आणि रुग्णालयाच्या साइटवर तर निरोगी माणसांपेक्षा आजारी माणसेच अधिक येणार!

कोपऱ्यात 'अक्षर मोठे करा' असे बटण लावून ही जबाबदारी संपत नाही. सार्वजनिक रुग्णालये आणि महापालिका यांनी वेबसाइटच्या निविदेतच सुगम्यतेची अट घालावी आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून चाचणी झाल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. तोवर एक चाचणी कोणालाही करता येईल. संगणकाचा माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर दाबून तुमच्या रुग्णालयाची अपॉइंटमेंट घेऊन पाहा. जिथे अडाल, ती जागा लेखी कळवा.