फुकटचा राउटर आणि २०० चं गाजर

मंडळी, आज नगरपालिका नाही, खड्डे नाहीत, पाणीपुरवठा नाही. आज तुमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या त्या डबीबद्दल बोलायचंय. वाय-फायचा राउटर.

सुरुवात माझ्याच घरापासून. गेल्या वर्षी नेट अडखळायला लागलं. मुलीचा क्लास, माझं फोटो-व्हिडिओ पाठवणं आणि आईची मालिका एकदम चालू झाली की सगळ्यांच्या स्क्रीनवर गोल गोल चक्र. कनेक्शनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, १०० चा प्लॅन कमी पडतोय तुम्हाला, २०० चा घ्या." घेतला. आठ महिने जास्तीचे पैसे भरले. फरक शून्य. दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी, पण स्वतःच्या घरातल्या डबीला एक प्रश्न विचारला नाही.

शेवटी एका मित्राने लॅपटॉप वायरने राउटरला जोडून स्पीड तपासायला लावला. ९४. परत तपासला, ९४. रात्री दोन वाजता, ९४. कारण साधं होतं. त्या राउटरचे वायर लावायचे पोर्टच १०० एमबीपीएसचे. त्यातून हातात पडतात ते ९४-९५, बास. मागून २०० येवोत नाहीतर ५००. टाकीपासून दोन इंची पाइप आणि नळ अर्धा इंची, अशातली गत. आणि वाय-फायवर आतल्या खोलीत तर २०-२२ च्या वर काटा जात नव्हता.

आता मला सांगा, ही डबी कुणी बसवली? त्यानेच. तिला १०० च्या वर झेपत नाही हे कुणाला माहीत असायला हवं? त्यालाच. तरी २०० चा प्लॅन विकला. याला मी चूक म्हणत नाही, धंदा म्हणतो. आणि हा धंदा एकट्या माझ्या घरात झाला असेल असं मला वाटत नाही.

खोक्यावरचे आकडे हा दुसरा तमाशा. '३०० एमबीपीएस' छापलेला स्वस्त राउटर घ्या, पोर्ट बहुतेक वेळा १०० चेच निघतात. '१२००' लिहिलेला घ्या, तर ती असते ३०० आणि ८६७ ची बेरीज, वर थोडं गोल केलेलं. म्हणजे दोन वेगळ्या बँडचे आकडे एकत्र करून लिहिलेत. एकाच मोबाइलला १२०० कधीच मिळणार नाहीत. त्यात १२०० वाल्यांपैकीही बऱ्याच मॉडेलचे पोर्ट १०० चेच असतात. अँटेना चार आहेत की सहा, यावरून राउटर घेणारे लोक पाहिलेत मी. शिंगं मोजून बैल घेतात का कुणी?

बँडचं थोडं समजून घ्या, अवघड नाही. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी शिरतो, पण त्यात एकमेकांना न घासणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आपल्या गल्लीत दाटीवाटीने घरं, प्रत्येकाकडे एक डबी, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. बाजारच्या दिवशी मेन रोडवर गाडी चालवण्यासारखं आहे ते. ५ गिगाहर्ट्झचा रस्ता मोकळा आणि वेगवान, फक्त जाड भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये या बँडचा मोठा पट्टा परवानामुक्त केला. इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे नवीन कनेक्शनला फक्त २.४ वाली डबी चिकटवली जाते आणि वर सांगतात, "राउटर फ्री आहे!" फ्री कसला? इन्स्टॉलेशनच्या नावाखाली किंवा सहा महिन्यांच्या आगाऊ पैशांत तो कधीच वसूल झालेला असतो.

"दुसरा राउटर आमच्या लाइनवर चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. फायबर जिथे घुसते ती डबी त्यांच्या सिस्टिमवर नोंदवलेली असते, ती बदलता येत नाही, हे खरं. पण तिच्यामागे आपला राउटर लावता येतो. ती डबी ब्रिज मोडवर टाका आणि लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड द्या, एवढंच त्यांना सांगायचं. तेही जमत नसेल तर तिच्या पोर्टमधून वायर काढून आपला राउटर जोडा, घरगुती कामाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. खांबावर चढणाऱ्या पोरांवर डाफरू नका मात्र. तुटपुंज्या पगारात उन्हातान्हात राबतात बिचारी, प्लॅन ती ठरवत नाहीत.

घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या: ड्युअल बँड आणि गिगाबिट पोर्ट. त्यात वाय-फाय ६ बसत असेल तर उत्तम. दोन-तीन हजारांच्या आसपास काम होतं. जुन्या वाड्यात राहत असाल, दीड-दीड फुटी दगडी भिंती असतील, तर महागातला एक घेण्यापेक्षा साधे दोन घ्या आणि मध्ये वायर टाका. आणि राउटर कपाटात, टीव्हीमागे कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. दिसायला वाईट दिसतो, दिसू द्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. तुमच्या राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे? माझ्याकडे नव्हता. मागितला तर "तुम्हाला काय करायचाय?" असं उत्तर आलं. शेवटी ॲडमिन-ॲडमिन टाकून बघितलं, उघडला! आणि वाय-फायचा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल नंबर. अख्ख्या गल्लीला पाठ. उद्या कुणी माझ्या कनेक्शनवरून भलते उद्योग केले, तर पोलीस आधी माझं दार वाजवणार. कनेक्शन माझ्या नावावर, आधार माझं.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. राउटर उलटा करून मॉडेल नंबर बघा, त्याचे पोर्ट किती एमबीपीएसचे आहेत ते शोधा आणि बिलावरच्या प्लॅनशी ताडून पाहा. ज्यांचा प्लॅन १०० च्या वर आणि पोर्ट १०० चे निघतील, त्यांनी बिलाचा आणि स्टिकरचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. स्टिकरवरचा पासवर्ड तेवढा झाकून. पाच-पन्नास जमले की ते घेऊन मी त्यांच्या ऑफिसात जाणार आहे.